दुप्पट गिअरबॉक्स

हॅलो?… हॅलो, कोण?… वन्सं! अवं मोठ्यानं बोला, हितं शेजारच्या लीलाबाईंचा मिक्सर चालू हाय… लीलाबाई, जरा बंद करा की, बारामतीहून नणंदेचा फोन हाय… हां, बोला.

चालला! चालला वन्सं, तुमच्या दादांचा गिअरबॉक्स चालला!… अवं रडताय कशाला? फोनच्या बूथवरची माणसं बघतील… मी? मी न्हाय रडत. माझं रडून झालंय सकाळीच.

हे?… झोपलेत. पायातले बूट बी काढले न्हाईत. कितीक रात्री डोळ्याला डोळा न्हवता, झोपू दे.

अवं ऐका की, पयल्यापासनं सांगते. गेल्या हंगामात गव्हाणीतला ऊस ओढणाऱ्या पट्ट्याच्या गिअरबॉक्सचे दात तुटले, साखर कारखाना बंद पडला, ठाऊक हाय न्हवं? मग नवा निवडायचं काम आलं ह्यांच्या गळ्यात. पुस्तक म्हणतं, जेवढं ओझं येणार त्याच्या दीडपट झेपंल असा घ्या. ह्यांनी धरला दुप्पट!… व्हय, त्यालाच सेफ्टी फॅक्टर म्हणतात. शाण्या हायसा की!

आता दुप्पट म्हणजे धूड केवढं! जुन्या पायावर बसंना. पाया फोडला, नवा ओतला. मग काय, सगळा कारखाना हसला. 'दत्तोबाचा दीपक लई भित्रा.' मोठे साहेब तर म्हणाले, एवढं करून पुन्हा दात तुटला, तर नोकरीतली कायमची ऑर्डर विसरायची आन् घरी जाऊन म्हशी राखायच्या.

… सांगते की! मधी मधी बोलू नका.

आज नव्या हंगामाची मोळी टाकायचा कार्यक्रम. पट्टा बंद. पूजा झाली, नारळ फुटला, मानकऱ्यांनी एकेक मोळी टाकली. आता नुसतं बटन दाबायचं. तेवढ्यात तुमचे आबा!… व्हय, आपलेच! झेंडूच्या माळा घातलेली उसाची ट्रॉली घेऊन कळस गावाहून हजर. 'माझ्या पोराचं मशीन हाय, माझा ऊस पयला!' आन् कुणाला न विचारता आख्खी ट्रॉली गव्हाणीत रिकामी… अवं कोण अडवणार? तुमी अडवलंय कधी त्यांना?

मग दाबलं बटन. मोटार नुसती गुरगुरली. पट्टा जागचा हलंना. ह्यांचं तोंड पांढरंफटक! मी खंडोबाला काय काय बोलले, माझं मला ठाऊक न्हाय. एवढ्या ओझ्यासकट जागेवरनं निघायचं म्हणजे जुना असता तर तितंच मोडला असता म्हणे… आन् निघाला की वन्सं! सावकाश, गाभण म्हशीवानी, पण निघाला. सगळा ऊस घेऊन गेला, झेंडूच्या माळांसकट!

… साहेब? साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. ऑर्डर सोमवारी… व्हय, कायमची! माझा तर जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

… आबांना कुठलं काय कळतंय! ते गावभर सांगत सुटलेत, 'मी ट्रॉली ओतली म्हणून मशीन पास झालं.'

मी वाटेत विचारलं ह्यांना, दुप्पटच का ओ धरला? तर म्हणाले, 'दीड पुस्तकाचा. वरचा अर्धा आबांचा. आबांनी आजवर एक गाडी तरी मापात भरलीय का?'

… हसू नका. मला भडभडून आलं तितं. एवढे दिवस भित्रा म्हणवून घेतलं, पण बापाचं नाव घेतलं न्हाय चारचौघांत.

… थांबा, आबाच आले बघा. मामंजी, वन्संचा फोन हाय… व्हय, सांगितलं सगळं… काय?… पुढल्या साली दोन ट्रॉल्या?

वन्सं, ठेवते मी. ह्यांना उठवते आधी.