दुसरी चक्कर आपली न्हाईच

...न्हाई, पण मलाच कामून बोलावतात, हे तुम्ही सांगा! आं? कुठं कॉलेजात खेळाचा कार्यक्रम निघाला, की आलाच माणूस दारात. "गुरुलिंगअप्पा, आठशे मीटरची दुसरी चक्कर कशी पळायची, त्यावर पोरांना दोन शब्द सांगा." अवो, दुसरी चक्कर! मला विचारतात! जन्मात एकदा पळालो मी ती, आन् ती बी चुकून! पहिलीचं विचारा, तोंड दुखेपर्यंत बोलतो. पहिली चक्कर आपली. दुसरी आपली न्हाईच!

तुम्हाला सांगतो, लातूर तवा नवा नवा जिल्हा झाला होता. कलेक्टर नवा, पाट्या नव्या, शिक्के नवे... पाणी तेवढं नव्हतं. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, गावाला लागून तळं, ते पार आटून तळाला भेगा पडलेल्या. सगळं गाव काठावर डोक्याला हात लावून बसलेलं, आन् आमच्या शाळेचे पीटीचे मास्तर, अमृतराव सर, ते तळ्यात उतरले, बुटानं जमीन ठोकून बघितली, आन् काय म्हणले असतील? सर जरा नाकात बोलायचे... "वाऽ! काय मैदान हाय!"

बोला आता!

चुलीची राख मागून आणली, गोल आखला, आन् लावलं की आम्हाला पळायला. मधोमध बाया झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायल्यात, आन् त्यांच्याभोवती मी आन् धोंडप्पा चड्डीवर गरागरा फिरून राहिलो. एक बाई रोज ओरडायची, "प्यायला पाणी न्हाई आन् ह्या मुडद्यांना घाम गाळायची हौस!" ती बाई म्हंजे नागम्मा आव्वा, धोंडप्पाची आई. बाप लहानपणीच गेलेला, घरात ही दोघंच. आन् धोंडप्पा म्हंजे माझा शेजारी, भिंतीला भिंत. शाळेत संगं गेलो, मॅट्रिकला संगंच आपटलो.

आता धोंडप्पाचं पळणं कसं? एका चालीत. पहिली चक्कर जशी, दुसरी तशीच. दम म्हंजे दम! पण शेवटाला उसळी मारायला सांगा, मारू शकत न्हाई. आन् मी? माझी पहिली चक्कर अशी की बघणाऱ्याची टोपी उडावी, आन् दुसरी अशी की बघणाऱ्यानं ती टोपी डोळ्याला लावावी! पाय लाकडाचे, घशाला कोरड, डोळ्यापुढं काजवे. अवो, दुसरी चक्कर मी पळायचोच न्हाई, मला ती यायची!

तर विभागाच्या स्पर्धा लागल्या नांदेडला. आठशे मीटरला जो पहिला येईल, त्याला पोलिसात खेळाडूच्या जागेवर भरती व्हायची संधी. धोंडप्पा झोपेत सुद्धा ते खाकी घालून फिरायचा. पण आडवा कोण? धर्माबादचा रामकिशन. ते पोरगं लई बेरकी. सावलीवानी मागं मागं पळायचं, समोरचा वारा तुमच्या अंगावर अडवायचं, आन् शेवटच्या सरळ पट्ट्यावर आलं की भुर्रर्र...

सरांनी राखेत काडीनं रेघा मारून डाव समजावला. "हे बघा, शर्यत हळू गेली की रामकिशनच्या पायात शेवटाला जोर उरतो. तो उरूच द्यायचा न्हाई. गुरुलिंग, तू पहिली चक्कर पेटवायची! धोंडप्पा तुझ्या पाठीला चिकटून येईल, रामकिशनला झक मारून यावं लागेल. घंटा वाजली की तू बाजूला सरकायचं, आतली वाट धोंडप्पाला द्यायची. पुढची चक्कर त्याची."

"आन् मी, सर?"

"तू बस की! पाणी पी!"

म्हंजे लक्षात आलं का तुमच्या? सगळ्या जिल्ह्यात शर्यतीच्या मध्येच बसायची परवानगी असलेला गडी एकटा मी! मी तर खूश. पहिली चक्कर आपली, दुसरी आपली न्हाईच!

नांदेडला गेलो. बनियन जुनेच, त्यांच्या छातीवर 'उस्मानाबाद', आदुगर आम्ही तिकडं होतो ना. सरांनी त्यावर 'लातूर' लिहिलेली पट्टी शिवून घेतली. आता नाव लांब आन् पट्टी आखूड. एका अंगानं 'उ' बाहेर, दुसऱ्या अंगानं 'द' बाहेर. सगळं वाचलं तर 'उ लातूर द'. एक जण विचारून राहिला, "हा जिल्हा नेमका कुठं आला हो?" मी हसून हसून बेजार... धोंडप्पा हसला न्हाई. मला वाटलं, धास्ती घेतली असंल. जेवला बी न्हाई. म्हणला, "पोट बिघडलंय." दवाखान्यात चल म्हणलं, तर माझं तोंड दाबलं. "सरांना बोलशील तर बघ. बसवतील मला. शर्यत होऊ दे, मंग जाऊ."

मंग जाऊ... ह्या दोन शब्दांनी माणसं गेलीत हो!

शर्यत सुरू झाली. मी सुटलो. काय सुटलो म्हणता! मैदानात एवढी माती उडाली की लोकांना वाटलं वावटळ आली. मागं पावलं वाजायलीत धपधप, मी मनात म्हणतोय, ये गड्या, ये, चिकटून ये. मागं बघायचं न्हाई, सरांची सक्त ताकीद. घंटा वाजली. ठरल्यापरमानं मी बाजूला सरकलो, आतली वाट मोकळी केली, आन् म्हणलं, "जा धोंडू!"

तर आतून निघाला रामकिशन! जाता जाता वर मला म्हणतोय, "आभारी हाव, दादा!"

आता मागं बघितलं. हा न्हाई, तो न्हाई, धोंडप्पा न्हाईच! लांब सर टॉवेल हलवायलेत. थांब म्हणतात का पळ म्हणतात, टॉवेलवरनं काय कळतंय? पाय आपले सवयीनं हळू व्हायले. वळण संपलं, आन् पलीकडच्या पट्ट्यावर बघतो तर काय... धोंडप्पा. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या बाहेरच्या रेघेपलीकडं जमिनीवर बसलेला, पोटाला दोन्ही हात लावून. पहिल्याच चकरेत रामकिशनच्या बी मागं राहून तिथं पडला होता, आन् मी कुणाच्या तरी पावलांना त्याची समजून पळत होतो. मी थांबायलोच, तर ते बेणं माझ्यावरच खेकसलं:

"मला काय बघायलास? त्याला बघ!"

आन् बोट केलं रामकिशनकडं.

मंग काय करता? पळालो. ती दुसरी चक्कर मला कुणी शिकवलीच नव्हती. कुठं दम धरायचा, कुठं सोडायचा, काय ठावं न्हाई. मांड्या पेटलेल्या, कानात शिट्ट्या. आन् पुढं रामकिशन काय करायलाय? सारखा डाव्या खांद्यावरनं मागं बघायलाय. कुणाला? धोंडप्पाला! माझी तर त्यानं गिनतीच सोडली होती. धोंडप्पा मागं दिसंना, उजवीकडं रेघेबाहेर बसलेला तर त्यानं बघितलाच न्हाई, म्हणून बिनघोर झाला, पाय ढिले सोडले. मी उजवीकडनं गेलो. दोरीच्या जवळ त्याला कळलं, तवर दोरी माझ्या छातीला. त्या 'उ लातूर द'ला!

नव्या जिल्ह्याचं पहिलं सोनं! लोकांनी मला खांद्यावर घेतलं. सर तर लहान लेकरावानी रडायले. मी वरनं ओरडतोय, "अवो, खाली उतरवा, धोंडप्पा तिकडं..." लोकांना वाटलं घोषणा देतोय. ते बी ओरडले, "धोंडप्पाऽ की जय!"

खाली उतरून पळत गेलो... तिसरी चक्कर म्हणा. डोळे बघितले त्याचे. हळदीवानी पिवळे. कावीळ. तळ्यातल्या झऱ्याचं पाणी. गावात आणखी काही जण पडले होते, ते उठले. पाणी एकच होतं हो. मी बी तेच प्यालो, त्याच वाटीनं. मला साधी शिंक आली न्हाई.

लातूरच्या दवाखान्यात ठेवला. मी रोज उशाला. आन् ह्याचं एकच, "गुरू, दुसरी चक्कर सांग." सांगितली. "पुन्यांदा सांग." रामकिशनची मान कशी वळायची, सरांचा टॉवेल कसा फिरायचा, सगळं करून दाखवायचो. तो हसायचा, हसताना पोट दुखायचं, तरी, "त्यो आभारी हाव, दादा म्हणला, ते परत कर." मी नकला करायला शिकलो ते असा, खाटेच्या पायथ्याला उभं राहून. नर्स ओरडायची, "हा दवाखाना हाय का तमाशा?"

एक दिवस दारात कोण? रामकिशन! धर्माबादहून एसटीनं, काविळीला रस चांगला म्हणून उसाची मोळी खांद्यावर घेऊन. कंडक्टरनं म्हणे मोळीचं अर्धं तिकीट फाडलं. बसला खाटेवर, म्हणला, "यार, मी तुलाच शोधत राहिलो. तू दिसला न्हाईस, म्हणून हरलो."

धोंडप्पा कोपरावर उठून बसला. मंग म्हणला, "म्हंजे तुला हरवलं मीच की!"

तिघं बी हसलो. असं हसलो, असं हसलो... नर्स बी हसली.

चार दिवसांनी गेला.

आम्हा लिंगायतांत माणूस बसवून पुरतात, तुम्हाला ठावं असंल. दुष्काळाची जमीन, कुदळ मारली की ठिणगी निघायची. दिवसभर खणलं. रामकिशन बी खणायला होता, हाताला फोड आलेले. आन् जन्मभर पळणारा माणूस, त्याला मांडी घालून खाली बसवला. कपाळाला विभूती लावली. सर कडेला उभे होते. त्या दिवशी सरांच्या तोंडातनं, नाकातनं, कुठनंच शब्द निघाला न्हाई.

पुढं पोलिसात मी लागलो. खाकी मिळाली. निघायच्या आदुगर नागम्मा आव्वाच्या पाया पडायला गेलो. उंबऱ्यापाशीच उभा राहिलो. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. टोपी बघितली, बूट बघितले. मला वाटलं आता शिव्या देती, न्हाईतर गळ्यात पडून रडती. काय बी न्हाई. म्हणली, "सुट्टीला येत जा. पाणी भरायला घरात माणूस न्हाई."

बस. एवढंच.

गेलो. दर सुट्टीला गेलो. नांदेडला ड्युटी असली तरी गेलो. बायको आली घरात, ती भांडली, "तुमची आई हितं, आन् पाणी तिथं भरता?" मंग एकदा माझ्यासंगं आली, आव्वाला बघितलं, परत कधी बोलली न्हाई. टँकरचं भरलं, हापशाचं भरलं. आता तर घरात नळ आलाय. आव्वाची ऐंशी उलटलीत. तोटी फिरवली की पाणी. तरी मी जातो, नळाची घागर भरून तिच्या पाणी ठेवायच्या माचुळीवर ठेवतो. झालं का काम? झालं. निघावं का? तर न्हाई. "बस, जेव," म्हणती.

आन् तिथंच माझी खरी शर्यत सुरू होती, बघा! ताट समोर ठेवती. भाकरी दोघांच्या. भाजी दोघांची. पिठलं, ठेचा, सगळं दोन माणसांचं. आदुगर वाटलं चुकून वाढलं असंल. एकदा अर्धं ठेवून उठलो, तर म्हातारी उरलेल्या ताटाकडं नुसती बघत बसली. लई वेळ. त्या दिवसापासनं काय ठेवत न्हाई मी. समदं खातो. पुसून खातो.

आता साहेब लोक मला म्हणतात, "काय हो अप्पा, तुम्ही पळणारे म्हणता, मंग हे एवढं पोट कशाचं?"

काय सांगावं, तुम्हीच सांगा! म्हणतो, "साहेब, घरचंच हाय."