लोकल आयडी चालत नाही

नाही गो बाय, जागा वाईट नाही ही. घेतलीस ते बरंच केलंस. खाली उतरलीस की मेडिकल, त्याच्या बाजूला पोहे-उपम्याची गाडी — सकाळी लवकर गेलीस तरच मिळतील हां, मग संपतात — आणि तुझं ते लोअर परळचं ऑफिस ना, जिथे मुलाखत आहे, ते इथनं चालत. टॅक्सीत बसू नकोस. टॅक्सीवाला अशी फिरवून नेईल की तुला वाटेल मुलाखत ठाण्याला आहे. फक्त खोली साफ झाली म्हणून बोलावतील तेव्हा आधी चादर उचलून गादी बघ, नळाला गरम पाणी येतं का बघ, मग सामान टाक. फोनवरच्या फोटोंवर जाऊ नकोस. फोटोत काय, मी पण चांगली दिसते.

मला कसं माहीत? अगं, जन्म गेला माझा इथे. म्हणजे जन्मले कोकणात, पण लग्न करून आले ती या लालबागमध्ये. हा समोरचा रस्ता ओलांडलास की डाव्या हाताला निळे पत्रे लागतील, उंच उंच, आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून लावतात तसले — आत काही चाललेलं नाहीये, ते सोड — तिथे आमची वेलजी चाळ. होती. आता तू विचारशील, मावशी, इथलीच आहेस तर हॉटेलात काय करतेस. विचार, विचार. तो मॅनेजरही मघापासून तेच विचारतोय. ते बघ, काउंटरला रेलून, चौकटीच्या शर्टात, हात हलवून बोलतायत ना, ते आमचे हे. आजचं तिसरं हॉटेल आमचं.

नियम आहे म्हणे. लोकल आयडी चालत नाही. आधार कार्डावर मुंबईचा पत्ता असला की खोली देत नाहीत. का म्हणजे? आता तूच समज का. तरणीताठी पोरंपोरी येतात ना, घरात कोपरा नसतो बिचाऱ्यांना — त्यांच्यासाठी केलेला नियम, आणि अडकलं कोण, तर आम्ही. ह्यांचे गुडघे, माझं बीपी, पिशवीत कुळथाच्या पिठाची पुडी — आणि दादरला तो काउंटरवरचा ह्यांना विचारतो, किती तासांसाठी हवीय? हे म्हणाले, सकाळपर्यंत. एकदम गंभीरपणे. ह्यांना कळलंच नाही काही. मी पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन उभी राहिले. हसू नकोस गो, इकडे बघतायत ते.

आमचा मुलगा अमित, पुण्याला असतो, त्याने फोनवर शोधून ही नावं पाठवली. स्वस्त, मध्यवर्ती, स्वच्छ, लोकांनी चार-चार चांदण्या दिलेल्या. खाली बारीक अक्षरात हा नियम लिहिलेला, तो ना त्याने वाचला ना आम्ही. ठाकूरद्वारचं तर इतकं चांगलं होतं, काय सांगू तुला. पांढऱ्याशुभ्र चादरी, खोलीला आपलं स्वतःचं न्हाणीघर, सकाळचा चहा वर आणून देतात — मी चपला काढून आत जाऊन पलंगावर बसले पण होते. आयुष्यात मी हॉटेलात झोपले नाही, बाय. खोटं कशाला बोलू, मी या खेपेला आले ती त्याच्यासाठीच. एक रात्र दुसऱ्या कोणी अंथरलेल्या पलंगावर झोपायचं, आणि उठल्यावर दुसऱ्या कोणी केलेला चहा प्यायचा. तेवढ्यात खालून निरोप आला, मॅडमना खाली बोलवा, कार्ड लोकल आहे. उठले. उठताना चादर सारखी केली मी, सवय.

आणि गंमत बघ, आमची खोली म्हणजे अख्ख्या गावाचं लॉज. मुंबईत कुठे उतरणार, तर राजाराम आहे ना — हे आमच्या गावात पोराटोरांना पाठ. कोणी नोकरी शोधायला, कोणी परळला हॉस्पिटलात दाखवायला, कोणी गणपती बघायला. एकजण तर नुसता बायकोशी पटत नाही म्हणून आला होता, शिमग्याला आला तो दिवाळी करून गेला. आणि किती दिवस राहणार हे विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. विचारलंस तर तो मेला गावी जाऊन सांगणार, राजारामाच्या बायकोने ताट वाढायच्या आधी तारीख विचारली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पुरुष बाहेर गॅलरीत, बायका आत, आणि मी मोरीपाशी, कारण पहाटे पाणी भरायला मलाच उठायचं. नाही म्हटलं नाही कोणाला. कार्ड तर कधीच मागितलं नाही.

आता सगळे पांगले. ह्यांचा धाकटा भाऊ रघुवीर तेवढा शीव कोळीवाड्याला आहे. त्याला फोन केला, तर म्हणाला, वहिनी, या की, घर तुमचंच आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे बोललाच नाही बिचारा. सून बाळंत झालीय, जागा एवढीशी, मला समजतं ना. पण हे उसळले. म्हणाले, मी मुंबईत कोणाच्या दारात पिशवी घेऊन उभा राहणार नाही, मुंबईत माझं घर आहे. मी म्हटलं, कुठाय? म्हणजे, तोंडाने नाही म्हटलं. मनात म्हटलं.

उद्या सकाळी भूमिपूजन आहे ना तिथे, पत्र्यांच्या आत. तिसरं. पहिल्या बिल्डरने पेढे वाटले होते, दुसऱ्याने नुसता नारळ फोडला, आता हा तिसरा आलाय, त्याने सगळ्या जुन्या भाडेकरूंना बोलावलंय. एवढी पुजलेली भूमी अख्ख्या मुंबईत दुसरी नसेल. हे मात्र इस्त्रीचा शर्ट वेगळा घेऊन आलेत, घडी मोडू नये म्हणून अख्ख्या प्रवासात मांडीवर धरून. म्हणून तर हॉटेल लांबचं चालत नव्हतं ह्यांना. अमितने ते शीवचं एक दाखवलं होतं, स्वस्तही होतं, तर म्हणाले, लालबागच्या माणसाने शीवला उतरायचं आणि तिथून पाहुण्यासारखं लालबागला यायचं? मग दादर धरलं, मग नाइलाजाने ठाकूरद्वार, मग इथे — एकेकाने हाकललं तसे फिरत फिरत आपल्याच दारात आलो.

आता कळलं तुला, घोडं कुठे अडलंय? ह्यांच्या कार्डावर अजून वेलजी चाळ. चाळ पाडली, भाड्याच्या जागेत राहून झालं, मग गावी कणकवलीकडे जाऊन राहिलो, त्यालाही जमाना झाला — पण पत्ता बदलायचा नाही. कोणीतरी डोक्यात भरवलंय, पत्ता बदलला की खोलीवरचा हक्क गेला. अहो, हक्काचे कागद वेगळे असतात, अमितने दहादा सांगितलं. नाही. तिकडे रेशनला अडतं, गॅसला अडतं, दवाखान्यात अडतं, हे ढिम्म. तेवढ्या एका कार्डावर ते अजून मुंबईत राहतात. आणि आज तेच कार्ड काय म्हणतं, तर हा मुंबईतलाच, याला मुंबईत झोपायला जागा कशाला.

माझं? माझं कार्ड घरी राहिलं. राहिलं गो. मॅनेजरने विचारलं मघाशी, दोघांपैकी एकाचं बाहेरगावचं असलं तरी चालेल, मॅडमचं काही आहे का, तर हेच म्हणाले, तिचं घरी राहिलं, आणि असतं तरी पत्ता तोच आहे. बरोबर बोलले ते. असं काय बघतेस? — तुझी पण नजर म्हणजे ना. माझ्या सुनेची असली आहे, दीपिकाची, तिच्यापुढे पण माझं काही लपत नाही.

बरं. पिशवीत आहे. हळू बोल. पिठाच्या पुडीखाली आहे आणि त्याच्यावर पत्ता कणकवलीचा आहे. बचत गटाचं खातं उघडायचं होतं मला, तर ह्यांना सांगितलं, मायाबरोबर — जाऊ माझी, चुलतजाऊ — तिच्याबरोबर डोळे तपासायला जाते, आणि गेले आणि बदलून आले. चोरी नाही केली. जिथे राहते तिथला पत्ता लिहिला, याच्यात चोरी कसली? पण ह्यांना कसं सांगायचं, सांग ना. मी पत्ता बदलला म्हणजे मी ती खोली सोडली, असंच होणार ते ह्यांच्या मनात. आणि आता हे बाहेर काढलं की खोली मिळते, लगेच मिळते, पण ते इथे चार लोकांत, त्या मॅनेजरच्या तोंडून कळणार ह्यांना. म्हणून दादरपासून गप्प बसलेय. वर ह्यांचीच बोलणी खाल्ली, साधं कार्ड आणता येत नाही तुला म्हणून.

आणि सोडलीच आहे मी ती खोली. आता बोललेच आहे तर ऐक. मला नको ती. तिकडे मला अंगण आहे, पाणी दिवसभर आहे, न्हाणीघराला माझी कडी आहे, आतून लावायची. आयुष्यभर त्या मोरीत मी कपडे अंगावर ठेवून आंघोळ केली, बाहेर कोणाचा तरी काका चहाची वाट बघत बसलेला असायचा. ह्यांना आठवते ती गॅलरीतली मजा, पत्ते, भजन, एकमेकांच्या घरचं माशाचं कालवण. असणार ना मजा. कालवण करत कोण होतं? दुसरा बिल्डर पळाला तेव्हा हे जेवले नाहीत, आणि मी — देव मला क्षमा करो — मी त्या दिवशी परसात आबोलीचं रोप लावलं. ह्यांना वाटलं, दुःख विसरायला लावतेय.

थांब जरा. काय बोलतायत ते? ऐक, तुझे कान चांगले आहेत. — खिडकीपाशी चला म्हणतायत ना त्याला? पत्रे दाखवतायत. तो बघा म्हणतायत, तो पिंपळ दिसतो ना, त्याच्या डावीकडे तिसरा मजला — अहो, तिथे आता हवा आहे नुसती, त्याला काय दिसणार. तो म्हणतोय, काका, समजतं मला, पण पोलिसांना काय सांगू. चांगला माणूस आहे, आवाज नाही चढवलान. चढवला असता तर बरं झालं असतं, हे भांडले असते. भांडायला हे पटाईत. आता बघ, हात जोडले. मॅनेजरपुढे हात जोडले, बाय. संपात गिरणी बंद पडली, नोकरी गेली, तरी ह्यांनी कोणापुढे हात जोडलेले मी पाहिले नाहीत. पाहुणा म्हणून ठेवून घ्या असं कोणाला म्हणायची पाळीच आली नव्हती ह्यांच्यावर, सगळे ह्यांनाच म्हणायचे.

नाही, हे मला बघवत नाही. धर जरा ही पिशवी. पुडी पडेल, सांभाळून. हां, सापडलं.

ओ भाऊ. ओ मॅनेजर. हे घ्या. माझं आहे. वाचा, पण मोठ्याने नका वाचू.

द्या हो ह्यांना, ह्यांच्याच हातात द्या. बघा. उलटून काय बघताय, माझाच फोटो आहे. — मायाबरोबर गेले होते ना मी, तेव्हा. — नाही, डोळ्यांना काही झालेलं नाही. डोळे चांगले आहेत माझे. — अमितला माहीत नाही. कोणाला माहीत नाही. रागवा काय रागवायचं ते, पण वर जाऊन रागवा, दार लावून. बसा तरी. बरं, नका बसू.

बघ गो. कार्ड नुसतं धरून उभे आहेत. मी इथेच थांबते तुझ्याजवळ, आता मध्ये गेले तर — थांब, तो वही काढतोय. लिहायला विचारतोय. नाव. सांगितलं. राहणार कुठले, म्हणून विचारलं त्याने, कार्डावर आहे की, कशाला विचारतोस रे बाबा... हे सांगतायत. स्वतः सांगतायत. गाव, तालुका कणकवली, जिल्हा, पिनकोडसकट. ह्यांना पिनकोड पाठ आहे?

येण्याचं कारण विचारतोय आता. भूमिपूजन म्हणायचं हो. सांगा, उद्या आमच्या घराचं —

काय म्हणाले? तू ऐकलंस ना. मुंबई बघायला आलोय म्हणाले.

नाही. काही नाही. डोळ्यात काही गेलं असेल. तू जा, बाय, तुझी खोली झाली, तो साफसफाईवाला पोरगा कधीचा हाक मारतोय तुला. जा गो तू.