विशाखाचं नवं पिस्तूल

ओमानमध्ये सोहारला मेडिकल तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोन मराठी वेल्डर उभे होते. त्यातला जनार्दन नुकताच सुट्टीवरून परतला होता.

"मग जनूभाऊ, घेतलंत का मुलीला पिस्तूल?"

"घेतलं ना! पुण्याला जाऊन घेतलं. छऱ्याचं, स्पर्धेवालं. चार वर्षं क्लबच्या जुन्यावर खेळत होती विशाखा."

"आणि वहिनी? त्यांना तर पसंत नव्हतं."

"दुकानातसुद्धा तोंड फिरवून बसली होती. शेवटी विशाखाच म्हणाली, आई, तुझा हात माझ्याएवढाच आहे, तू जरा धरून बघ ना. मग हिने चार पिस्तुलं हातात घेऊन नापसंत केली आणि पाचवं निवडलं."

"घ्या! मग चालवून बघितलं?"

"तिथून सरळ शूटिंग रेंजवरच गेलो. पहिले दहा छर्रे भलतीकडेच. पोरगी रडकुंडीला आली. मला वाटलं, खलास, चुकीचं घेतलं आपण."

"नवीन आहे. हाताला बसायला वेळ लागणारच."

"तिच्या क्लबचे सरही तेच म्हणाले. त्यांनी एक स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाले, मार परत. मी तर डोळेच मिटून घेतले."

"आणि?"

"दहा गुण! बरोबर मधोमध. ही मोठमोठ्याने टाळ्या वाजवतेय, सर गप्प करतायत, पण ऐकतंय कोण?"

"म्हणजे वहिनींचा राग गेला म्हणायचा."

"काल दुपारी फोन केला, तर म्हणते, नंतर बोला, मी रेंजवर आहे. म्हटलं, बरं, विशाखाला दे."

"मग?"

"म्हणाली, ती कॉलेजला गेलीय."