शाईचा रंग

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी शाईच्या रंगावरून माझी धावपळ झाली. परदेशी विद्यापीठांच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेत आमच्या रत्नागिरीच्या विद्यापीठाला घ्यावं, असा अर्ज पाचपर्यंत पाठवायचा होता. पावणेपाचला मला अट दिसली: सही निळ्या शाईतच हवी. अर्जावरची रजिस्ट्रार साहेबांची सही हिरवीगार!

शेवटच्या उरलेल्या लेटरहेडवर अर्ज पुन्हा छापून मी धावले.

"साहेब, निळ्या शाईत करा ना."

"कांबळेबाई, हिरव्या शाईत सही करायचा अधिकार मिळवायला मी वीस वर्षं घासलीत."

"अहो साहेब, सातच मिनिटं राहिलीत!"

माझं पेन ओढून त्यांनी निळी सही केली. मी वळले, तर म्हणाले, "थांबा."

खिशातलं पेन काढून खाली हिरव्या शाईत लिहिलं, "वरील सही माझ्यासमक्ष केली आहे." आणि पुन्हा सही ठोकली.