मन न लागणारा कुत्रा

रोज चार-पाच शिळ्या भाकऱ्या टाकल्या की शेजारचा दांडगा कुत्रा आपल्या कोंबड्या फुकटात राखतो, हे फुलाबाईंनी बरोबर हेरलं होतं. त्याचा मालक अविराज नुकताच मुंबईहून जळोचीला राहायला आला होता. जनावरांच्या दवाखान्यात शेळी घेऊन बसलेल्या फुलाबाईंशेजारी तो कुत्र्यासह टेकला.

“काय झालंय ह्येला?”

“घरी काही खातच नाही, मावशी. गाव बदललं, मन लागत नाही त्याचं.”

“मन? वळूवानी दिसतोय की.”

“सूज असेल. भुकेचं इंजेक्शन द्यायला आणलंय.”

“त्यापरीस भाकरी घालून बघा.”

“छे, भाकरी त्याला पचत नाही.”

“व्हय का? तुमी शिकलेली माणसं, तुमास्नी म्हाईत.”

फी अविराजने भरली, दोन सुया कुत्र्याने सोसल्या, आणि फुलाबाईंनी तेवढा वेळ तोंडाला पदर लावला.