गलबताच्या पोटातले दगड

...आणि कचरा म्हणाले हो त्याला, चक्क कचरा! तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षं इथं कुवेतला, शर्कच्या बाजारात दोरखंड नि जाळी विकतोय, पण गलबताच्या तळातल्या दगडांना कचरा म्हणणारा माणूस पहिल्यांदाच बघितला... पण शिकलेली माणसं, आपण काय बोलणार!

झालं काय, एका कुवेती शेठनं आपलं जुनं लाकडी गलबत आमच्या मराठी मंडळाला दिलं. बसऱ्याहून प्यायचं पाणी आणायचं ते, तेल सापडायच्या आधी. जपा म्हणाला, चालवा म्हणाला. आमचे अध्यक्ष चंद्रहासराव, पुण्याचे, इथल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत इंजिनिअर. मला म्हणाले, "इम्तियाजभाई, उद्घाटनाला सुकाणू तुमच्या हातात!" आता माझा बाप असल्याच गलबताचं सुकाणू धरायचा, मी जन्मभर धरला गल्ला... मी नवा शर्ट शिवायला टाकला ना!

पुढच्या शुक्रवारी जातो तर तळ आरशासारखा लख्ख! कचरा म्हणून दगड समुद्रात, खाली गालिचा, वर डेकवर सोफे, जनरेटर, एसी! म्हटलं, "साहेब, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, दगडही काढलेत, हे उभं राहणार कशावर?" तर डोळे मिटून म्हणतात कसे, "इम्तियाजभाई, आम्ही कॅल्क्युलेशन केलंय." कागदावर हो! कागदावर कुठलं गलबत कलंडलंय आजवर? वर माझीच अलिना, "अब्बा, प्लीज, डोन्ट स्टार्ट!" शिकलेली माणसं, आपण काय बोलणार!

उद्घाटनाला पाहुणे सोफ्यांवर, मी सुकाणूवर. धक्का सोडून वीस हात गेलो नाही तोच गलबत असं कललं, असं कललं, की अध्यक्षीणबाई श्वेतावहिनींच्या ताटातल्या सुरळीच्या वड्या थेट शेठच्या मांडीवर! चंद्रहासराव डोलकाठीला मिठी मारून, "इम्तियाजभाई, आता काय करायचं हो?" मी ओरडलो, "दगड नाहीत तर माणसं घाला तळात!" तेवढं मात्र लगेच पटलं. सगळ्यांवरून एक नजर फिरवली नि माझ्या पोटावर थांबवली. "मग आधी तुम्हीच उतरा!"

दगड परत भरा म्हणून तीन वर्षं सांगतोय. "अहो, गालिचा खराब होईल!" शिकलेली माणसं...

आता दर शुक्रवारी सुकाणूवर चंद्रहासराव, नि मी खाली गालिच्यावर. वरून हाक येते, "इम्तियाजभाई, जरा डावीकडे!" आणि सरकतो हो मी... न सरकून सांगतो कुणाला, गलबत कलंडेल ना!