सरूचं विमान अन् आमचे फोन

विमानाचं मला विचारूच नका. आमची सरू पुण्याला पहिल्यांदाच एकटी चालली होती. नांदेडच्या विमानतळावर आत जाताना म्हणली, "बाबा, विमानात फोन बंद ठेवावा लागतो. तासाभरात पोचते."

आमची जीप सेनगावकडं निघाली अन् तिची माय म्हणली, "तुमचाबी फोन बंद करा."

"माझा काहून?"

"चुकून बोट लागलं अन् तिकडं तिचा वाजला तर? वर आभाळात काय करंल लेकरू?"

तिनं आमचे दोन्ही बंद केले, ड्रायव्हरलाबी बंद करायला लावला. तास झाल्यावर म्हणलं, आता चालू करू. तर म्हणे, "उशीर झाला असंल तर? घरी गेल्यावरच बघू." कळमनुरी गेली, हिंगोली गेली.

घरी पोचलो तर शेजारचे रहीमभाई फोन कानाला लावून दारातच उभे. "रडू नको बेटी, आले, दोघंबी सलामत आले."

मी फोन घेतला. सरू हुंदके देत होती. "बाबा, मी कवाच पोचले. विमानात मी होते, तुमचे फोन काहून बंद?"

तिच्या मायनं फोन ओढून घेतला. "उतरलीस का बाई खाली? मग आता आमचे चालू करू का?"